कंबरदुखीचे फॉर्म पेशंटकडूनच भरून घेताना : निपाणीच्या फिजिओथेरपी ओपीडीतल्या नोंदी

निपाणीतल्या एका लहान दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडांचे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, पेशंट तपासून माझ्याकडे पाठवतात. कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायका सगळ्यात जास्त, मग शेतातल्या. एक्स-रेत दिसणारं आणि त्या बाईला घरी जाऊन जमणारं, याचा मेळ बसत नाही हे रोज दिसायचं. केसपेपरवर मात्र 'बरं आहे', 'थोडा फरक' एवढंच लिहिलेलं असायचं. म्हणून पेशंटनं स्वतः दिलेल्या उत्तरांवरून तब्येत मोजायची, असं जूनमध्ये ठरवलं. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल भागात कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ तरी वाचावा, म्हणून या नोंदी.

३ जून

फॉर्म कोणता घ्यायचा यातच बरेच दिवस गेले. ऑस्वेस्ट्रीचा फॉर्म जगभर चालतो. त्यात दहा भाग आणि प्रत्येक भागात सहा पर्याय. ज्याला वाचता येतं त्याला ठीक. आमच्याकडे निम्म्या वेळा फॉर्म वाचून दाखवावा लागणार, आणि सहावं वाक्य वाचेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. शिवाय त्यातला एक भाग नवरा-बायकोच्या संबंधांवर आहे. तो ऐच्छिक आहे, तरी बाकावर बसून वाचण्यासारखा नाही.

शेवटी रोलँड-मॉरिस घेतला. १९८३ साली इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी तो तयार केला. आधीच्या १३६ वाक्यांच्या एका मोठ्या प्रश्नावलीतून कंबरेशी जुळणारी २४ वाक्यं त्यांनी निवडली. प्रत्येक वाक्याला 'आज हे मला लागू आहे' किंवा 'नाही', एवढंच उत्तर. लागू असेल तर एक गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, २४ म्हणजे फार. वापरायला फुकट आहे. हो-नाहीचा फॉर्म निरक्षर पेशंटला झेपतो, हेच आम्हाला महत्त्वाचं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगते. भाषांतर घरी बसून करू नका. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही जुळवायची, तिसऱ्यानं ते उलट इंग्रजीत न्यायचं, मग काही पेशंटना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते विचारायचं, अशी त्याची रीत आहे. हे ज्यांनी आधीच केलंय त्यांची प्रत मिळवा.

१२ जून

पहिला आठवडा निम्मा वाया गेला. पेशंट सरांची वाट बघत लोखंडी बाकावर बसलेले असताना फॉर्म भरून घेत होतो. रोलँड-मॉरिस 'आज'बद्दल विचारतो. सकाळच्या एसटीनं येऊन दोन तास बाकावर बसलेल्या बाईची कंबर त्या बाकानंच धरलेली असते. लवकर नंबर लागलेल्यांचे आकडे कमी आणि उशिरा लागलेल्यांचे जास्त येऊ लागले, तेव्हा हे ध्यानात आलं.

आता केसपेपर निघाला की लगेच फॉर्म, वाट बघायची ती नंतर. जागाही बदलली. बाकावर मोठ्यानं वाचलं की शेजारचे चौघं ऐकतात आणि उत्तर द्यायला मदतही करतात. व्यायामाच्या खोलीत पडद्यामागं एक स्टूल आणि एक खुर्ची ठेवली. पेशंट खुर्चीवर, वाचणारी स्टुलावर. ज्याला वाचता येतं त्याचा फॉर्म पाच मिनिटांत होतो, वाचून दाखवायचं म्हटलं की दुप्पट वेळ जातो.

१९ जून

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण यावर कुठल्याच माहितीपत्रकात काही सापडलं नाही.

तिशीतली एक सून, सोबत सासू. वाचणाऱ्या मुलीनं विचारलं, "कंबरेमुळं घरातली कामं दुसऱ्याला सांगाय लागतात का?" सून तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "कुणाला सांगनार? समदं तीच करती की." सुनेनं मान हलवली. पुढचा प्रश्न चिडचिडीचा. "न्हाई ओ, लई शांत हाय आमची." पुढचा झोपेचा. "झोपती की निवांत." सासूच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, ती सुनेचं कौतुकच करत होती. गुण आले चार.

मी सासूला गरम पाण्याच्या पिशवीनं कसं शेकायचं ते दाखवायच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि फॉर्म परत वाचायला सांगितला. गुण आले तेरा. पहिल्या चारावर विश्वास ठेवला असता, तर तिला मलम आणि दोन व्यायाम देऊन घरी पाठवलं असतं.

तेव्हापासून नियम असा की पडद्यामागं पेशंट एकटाच. मुलगा, सून, नवरा, कुणीही बाहेर. "आत एकालाच जागा आहे, मावशी, तुम्ही हितंच बसा," एवढं म्हटलं की कुणी रागावत नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजींबरोबर एक माणूस आत घेतो, पण मग कोपऱ्यात तसं लिहितो.

२७ जून

फॉर्ममधलं एक वाक्य पायमोजे घालताना होणाऱ्या त्रासाचं आहे. दोन वाक्यं जिन्याची : एक हळू चढण्याचं, एक कठड्याला धरून चढण्याचं. आमच्या बहुतेक बायका पायमोजे घालत नाहीत आणि त्यांची घरं बैठी आहेत. म्हणजे ही तीन वाक्यं 'नाही'तच जातात आणि गुण आपोआप कमी येतात.

त्याहून मोठा गोंधळ 'दिवसातला बराच वेळ बसून काढते' या वाक्याचा. कंबरेमुळं माणूस बसून राहतो असा त्याचा अर्थ. विड्या वळणारी बाई सकाळपासून बसलेलीच असते, सूप मांडीवर, एक पाय दुमडून, मान खाली. ती 'हो' म्हणणारच. तिच्या कंबरेला बसल्यानंच त्रास होतो, आणि फॉर्ममध्ये बसणं हा त्रासाचा परिणाम धरलाय.

वाक्यं बदलावीत असं आमच्यातल्या दोघींचं मत होतं : पायमोज्याऐवजी पैंजण, जिन्याऐवजी उंबरा. मी नको म्हटलं. वाक्य बदललं की तो फॉर्म रोलँड-मॉरिस राहत नाही आणि त्याच्या २४ गुणांना अर्थ उरत नाही. वाक्यं जशीच्या तशी ठेवली. ठरलं ते असं की प्रत्येक बाईची तुलना तिच्याच आधीच्या आकड्याशी करायची, दुसरीशी नाही आणि कुठल्या देशाच्या सरासरीशी तर नाहीच. आणि 'कंबरेमुळं' हा शब्द प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला परत वाचायचा, एकदाही गाळायचा नाही. बसण्याच्या वाक्यावरचा गोंधळ त्यानं कमी झाला, संपला नाही.

४ जुलै

वरच्या अडचणीवर उपाय म्हणून दुसरा, अगदी छोटा फॉर्म जोडला. १९९५ साली कॅनडातल्या फिजिओथेरपिस्टांनी तो मांडला. यात छापील कामं नसतातच. पेशंटलाच विचारायचं, या दुखण्यामुळं तुम्हाला नीट करता येत नाहीत अशी तीन ते पाच कामं सांगा. मग प्रत्येक कामाला शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे दुखणं नव्हतं तेव्हासारखं जमतं. पुढच्या वेळी तीच कामं तिला वाचून दाखवायची आणि नव्यानं गुण घ्यायचे. सरासरीत दोन गुणांचा फरक पडला तरच तो खरा धरायचा, एकाच कामाचा बघायचा असेल तर तीन गुणांचा.

पहिल्याच दिवशी आलेली कामं इथं उतरवते : एका बैठकीत विड्या वळणं. चुलीपुढं बसून भाकरी थापणं. म्हशीची धार काढणं. शेणाची पाटी डोक्यावर घेणं. उकिडवं बसून संडास. सोयाबीनची भांगलण. लेकराला कडेवर घेऊन दुकानापर्यंत जाणं. एकीनं सांगितलं, देवळात प्रदक्षिणा.

छापील फॉर्मच्या २४ वाक्यांत यातलं जवळजवळ काहीच नाही. मला आधी वाटलेलं, बायका कामं सांगताना अडखळतील. तसं झालं नाही. अडखळतात त्या आकड्यावर.

११ जुलै

आकड्याचा गोंधळ. दुखणं किती, हेही आम्ही शून्य ते दहात विचारत होतो, त्याच कागदावर. तिथं दहा म्हणजे सगळ्यात वाईट आणि खाली कामांच्या फॉर्ममध्ये दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. शाळा शिकलेल्यांच्याही चुका झाल्या.

दोन्ही वेगळ्या कागदांवर घेतले. दुखण्याचा पांढरा, कामांचा पिवळा. कामांचा आधी, दुखण्याचा शेवटी. कामांच्या कागदावर आडवी पट्टी छापली, डाव्या टोकाला 'जमतच नाही', उजव्या टोकाला 'पहिल्यासारखं जमतं'. आकडा तोंडानं विचारायचा नाही, बोट ठेवायला सांगायचं. हे चाललं.

बऱ्याच जणी बोट ठेवण्याआधी आपल्या हिशोबानं सांगतात, "चार आणे फरक हाय", "बारा आणे कमी आलंय". ते आम्ही पट्टीवर बसवत नाही. तिच्या शब्दांत कागदाच्या कडेला लिहून ठेवतो.

२५ जुलै

पाऊस. वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलंय, बंधाऱ्यावरून येणारे रस्ते बंद, दुसऱ्या वेळेला यायचे पेशंट आलेलेच नाहीत. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही.

व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवून बघितली. फोन मुलाचा, मुलगा पुण्यात किंवा एमआयडीसीत पाळीवर. उत्तरं कुणी भरली कळायला मार्ग नाही. एका आजींचा फॉर्म रात्री साडेअकराला भरून आला, त्यांना विचारलं तर त्यांना पत्ताच नव्हता. लिंक बंद केली.

त्याऐवजी संध्याकाळी फोन करायचा, विड्या कारखान्यात पोचवून झाल्यावर, साडेसात-आठला. पेशंटशीच बोलायचं. यात वेळ जातो आणि फोनवर पट्टी दाखवता येत नाही, म्हणून फोनवर फक्त हो-नाहीचा फॉर्म. कागदाच्या कोपऱ्यात 'फोन' असं लिहायचं. समोरासमोरचा आकडा आणि फोनवरचा आकडा एकाच रेघेत जोडायचा नाही.

८ ऑगस्ट

दोन महिन्यांनंतर सरांना विचारलं, आकड्यांचा काही उपयोग होतोय का? ते म्हणाले, "अगं, आकडे असतात कुठं?" फॉर्म केसपेपरच्या मागं टाचलेले. एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात, मागची पानं उलटायला कुणाला फुरसत आहे?

मला हे फार लागलं. बायका पडद्यामागं बसून, घरच्यांपासून लपवलेलं सांगतात आणि ते फाइलमध्ये पडून राहतं. तिनं एकदा सांगितलं आणि कुणी त्यावर काही बोललं नाही, तर पुढच्या वेळी ती का सांगेल? दुसऱ्यांदा फॉर्म भरताना सगळ्याला 'नाही, नाही' म्हणून उरकणाऱ्या बायका मी बघितल्यात. कंटाळ्याचं खरं कारण हेच असावं.

सरांना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातला अभ्यास सांगितला. २०१७ साली त्याचे निकाल आले. केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांतल्या काहींनी आपली लक्षणं स्वतः संगणकावर नोंदवली, आणि त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. त्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. रोग वेगळा, दवाखाना वेगळा, पण तिथं उत्तर कुणाच्या तरी हातात त्याच दिवशी पडत होतं.

सरांनी दहा मिनिटं विचार केला आणि स्वतःच तोडगा सांगितला : "मला फॉर्म नको. केसपेपरच्या पहिल्या पानावर वर एक ओळ दे." आता तसंच करतो. डाव्या बाजूला आधीचा आणि आजचा आकडा. उजवीकडे तिनं सांगितलेलं एक काम तिच्याच शब्दांत. सर ते काम घेऊन बोलायला सुरुवात करतात : "काय अक्का, धार काढाय येतीय का आता?" पेशंटला कळतं की आपण सांगितलेलं पोचलं.

सरांची अट एकच, आणि ती मला पटली. आकडा चांगला आला म्हणून तपासणी टळायची नाही. लघवी-संडासावरचा ताबा, जांघेतली बधिरता, पायातली ताकद, ताप, घटलेलं वजन, हे फॉर्म विचारत नाही. ते आम्हीच विचारायचं, दर वेळी.

२२ ऑगस्ट

पन्नाशीची एक अक्का. जूनमध्ये दुखणं दहापैकी सहा होतं, आजही सहा. रोलँड-मॉरिस पंधरावरून बारा. सुरुवातीच्या आकड्याच्या ३० टक्के तरी उतार पडला तर खरा फरक धरतात, इथं तो २० टक्के आहे. कागदावर बघितलं तर उपचार लागू पडला नाही असंच कुणीही म्हणेल, आणि आम्ही करंटचं मशीन वाढवणारच होतो.

पिवळ्या कागदावर मात्र 'एका बैठकीत विड्या वळणं' दोनवरून सहावर गेलेलं. विचारलं तर म्हणाली, "आधी पाचशे झाल्या की उठाय लागायचं. आता बसले की हजार हुतात. दुखणं तितंच हाय, पर काम हुतंय की." मजुरी हजारावर मिळते. कंबरेला जेवढा आराम पडला तेवढा तिनं कामात घातला. तिला दुखणं कमी करून घ्यायचंच नव्हतं, तिला हजार पुरे करायचे होते.

यावर बराच वेळ बोललो. मशीन वाढवलं नाही. भिंतीला टेकून, खाली पाट घेऊन बसायचं. विड्यांचे ठराविक कट्टे बांधून झाले की उठून मागं वाकायचं, मगच पुढचे. हजाराला हात लावला नाही. ते तिच्या घरचं गणित आहे.

नुसता दुखण्याचा आकडा घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मजुरीवर काम करणाऱ्या माणसाचा तो आकडा एकटा वाचू नका.

५ सप्टेंबर

चिकोडीकडच्या एका बाईचा आकडा अठरावरून नऊवर आला, आम्ही खूश. मग कोपरा बघितला. पहिल्यांदा फॉर्म कन्नडमध्ये वाचला होता, आमच्याकडे कन्नड नीट वाचणारी एकच मुलगी आहे. ती रजेवर, म्हणून या वेळी मराठीत वाचला. बाईला मराठी येतं, बाजारात बोलते, पण जिथं नीट कळलं नाही तिथं 'नाही' म्हणत गेली. कन्नडमध्ये परत घेतला तेव्हा चौदा. फरक आहे, पण तेवढा नाही.

सीमाभागात हे टळणार नाही. घरी कन्नड, शाळेत मराठी, दुकानात दोन्ही, आणि मुसलमान वस्तीत दखनी. पेशंटला पहिल्याच दिवशी विचारायचं, 'दुखणं कुठल्या भाषेत सांगाय सोपं जातं?' ती भाषा केसपेपरवर लिहायची आणि शेवटपर्यंत तीच. वाचणारं माणूसही शक्यतो तेच. रजा असेल तर फॉर्म पुढच्या खेपेला घ्यायचा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आता भाषा, वाचणारीची आद्याक्षरं आणि 'स्वतः', 'वाचून' किंवा 'फोन' असतं.

१९ सप्टेंबर

झोप नाही, चिडचिड, भूक नाही, असं सांगणाऱ्या काही जणींबद्दल सर म्हणाले, नैराश्याचा पीएचक्यू-९ही लावूया. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण शून्य ते २७, दहा आणि वर आले की पुढं नीट बघायचं. फुकट आहे, पाच मिनिटांत होतो.

मी थांबायला सांगितलं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो विचारायचा तर 'हो' आल्यावर त्याच क्षणी कोण बोलणार, दार कुठलं लावायचं, घरच्या कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, पुढं कुठं पाठवायचं, हे आधी ठरलेलं पाहिजे. रोलँड-मॉरिसचा कागद दोन दिवस पडून राहिला तर चालतं. हा तासभरही पडून राहिलेला चालत नाही.

सध्या असं ठरलंय : हा फॉर्म सरसकट नाही. सर किंवा मी स्वतः, ओपीडी संपल्यावर, पडद्यामागं. नवव्याला 'हो' आलं तर सर त्याच वेळी बोलणार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लावलाय, मराठी आणि कन्नडमध्ये. मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलून पाठवायची सोय पक्की होईपर्यंत यापुढं जायचं नाही.

१० ऑक्टोबर

जुलैत भांगलण चालू होती, तेव्हाचे आकडे वाईट. ऑगस्टच्या शेवटी शेतात काम कमी, आकडे छान. आता सोयाबीनची काढणी-मळणी, आकडे परत चढले. शेतातल्या बायकांचे हे चढउतार बघून आधी व्यायामात खोट शोधत होते. आता आकड्याशेजारी त्या आठवड्यातलं शेताचं काम लिहिते. जुलैचा आकडा ऑगस्टशी जोडून 'आमच्या उपचारानं बरं वाटलं' असं कुणी म्हणू नये. विड्यांचं काम बारमाही, तिथं हा प्रश्न कमी.

१४ नोव्हेंबर

खर्चाचं विचारलं गेलं म्हणून. पाठपोट झेरॉक्स, रंगीत कागद थोडा महाग, चार पॅड, दोरीनं बांधलेली पेनं, पडद्याचं कापड, लॅमिनेट केलेल्या दोन पट्ट्या. सगळं मिळून एका साध्या मशीनच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. खरा खर्च वाचणाऱ्या मुलीच्या वेळेचा. तिच्या पगारातले सकाळचे दोन तास याच कामाचे धरा, नाहीतर ती केसपेपरच्या खिडकीत ओढली जाते आणि फॉर्म बाकावर परत येतात. आमच्याकडे हे दिवाळीच्या गर्दीत झालंच.

ऊसतोड सुरू झालीय, टोळ्यांतले पेशंट येताहेत. ते एका गावात थांबत नाहीत, दुसरा आकडा मिळायची खात्री नाही. त्यांच्याकडून २४ वाक्यांचा फॉर्म घेत नाही. फक्त एक काम विचारतो आणि ते पहिल्या पानावर लिहून केसपेपर त्यांच्याच हातात देतो, पुढच्या गावच्या डॉक्टरांना दाखवायला.

बाकी काम : कन्नड वाचणारी दुसरी मुलगी शोधायची आहे. दखनी बोलणाऱ्या बायकांसाठी अजून काहीच केलेलं नाही. पिवळ्या कागदाची पट्टी जरा लांब छापायची, बोट ठेवताना सात आणि आठमध्ये घोळ होतो.